वरच्यांची धाप

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या कपाळी जिनेच लिहिलेले. लिफ्ट धड चालत असते तोवर त्याची आठवण कुणाला होत नाही, आणि होते तेव्हा ती दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली असते. मोटर आणि तिचं सगळं बिऱ्हाड असतं पार गच्चीवरच्या खोलीत. म्हणजे हातात हत्यारांची पेटी आणि समोर जिना, हे ठरलेलं.

या कामाला दोघं-दोघं जातात. एक वर मशीनरूममध्ये, एक खाली दाराशी. ज्या जोडीची ही गोष्ट, ती कित्येक वर्षं एकत्र होती. वर जाणारा कायम वर गेला, खाली थांबणारा कायम खाली थांबला, आणि लोकांनी त्यांची खरी नावं केव्हाच टाकून दिली. एक झाले वरचे, दुसरे खालचे. इमारतीतून फोन यायचा, "वरच्यांना पाठवा हो लवकर," आणि फोनशेजारी बसलेल्या एखाद्या आजी घाबरून हात जोडायच्या. ही थट्टा इतकी जुनी झाली होती की सांगणाऱ्यालाच आधी हसून दाखवावं लागे.

वरचे अंगाने शिडशिडीत, बोलण्यात मोजके. कामाला वाघ, पण कुणाला नाही म्हणायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. खालचे त्यांच्या बरोबर उलट. तोंडाने फटकळ, आणि रागावले की अख्ख्या जिन्यात घुमायचे.

काही वर्षांपूर्वी कंपनीने सगळ्यांची तपासणी केली तेव्हा वरच्यांचा रक्तदाब फार वाढलेला निघाला, आणि त्याच्या मागोमाग किडन्या अधू झाल्याचं कळलं. दुखत-खुपत काहीच नव्हतं. किडनीच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला बजावलं. गोळ्या वरच्यांनी इमानेइतबारे घेतल्या. तपासणीला मात्र पहिली दोन वर्षं गेले, मग एकदा चुकली, मग "पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणता म्हणता दीड वर्ष उलटलं. बरं वाटणाऱ्या माणसाला दवाखान्याची पायरी उंच वाटते.

नंतर बरं वाटेनासं झालं, पण ते इतकं हळूहळू की कधीपासून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी पेटी जड वाटू लागली. मग जिना. तिसऱ्या मजल्यावर छातीत भाता चालू लागायचा, पाचव्यावर कानात ठोके ऐकू यायचे. त्यांनी एक युक्ती काढली. दर मजल्यावर थांबायचं आणि लिफ्टच्या दाराचं कुलूप तपासल्यासारखं करायचं. लोक खूश. "किती बारकाईने बघतात बघा!" एका इमारतीने तर कंपनीला फोन करून त्यांची तारीफ केली. वरचे ती तारीफ खाली मान घालून ऐकत राहिले.

घरी बायकोला दुसऱ्याच गोष्टी दिसत होत्या. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांचे चेहरे अगदी जवळून बघायचे, तेच तिचं काम. नवऱ्याचा चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा होत चालला होता. पंखा लावला की त्यांना हुडहुडी भरायची. जेवताना ताटावरच डुलकी लागायची. आणि एक विचित्र खोड लागली होती. फ्रिजमधला बर्फ काढून कडाकडा चावायचे.

"अहो, दात पडतील. आणि एकीकडे थंडी वाजते म्हणता, मग हे काय?"

"बरं वाटतं चावायला."

"डॉक्टरांकडे कधी जायचंय?"

"जाऊ की. वय झालं आता, दुसरं काय."

वय त्रेपन्न. गुडघे दुखतात म्हणून ते कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून गुपचूप घेत होते, हे बायकोला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढे एके दिवशी दुपारी एका नऊमजली इमारतीत लिफ्ट अडकली. आत एक बाई आणि तिचा कुत्रा. बाई शांत होती, कुत्र्याने मात्र आकाशपाताळ एक केलं होतं. वरचे कसेबसे वर पोचले, मेन स्विच बंद केला, ब्रेक सैल करून हाताने चाक फिरवत लिफ्ट चौथ्या मजल्याला आणली. नेहमीचं काम. पण त्या दिवशी चाकाच्या एकेका वेढ्याला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. खालच्यांनी चौथ्यावर दार उघडून बाईला बाहेर काढलं आणि ते तळमजल्याला गेले. वरच्यांनी मेन चालू करून बघितला आणि भिंतीला टेकून उलट्या डब्यावर बसले.

थोड्या वेळाने फोन वाजला. खालचे म्हणाले, "लिफ्टखाली खड्ड्यात काहीतरी घासतंय. उतरून बघतो. मेन बंद?"

"बंद," वरचे म्हणाले.

हजारो वेळा दिलेलं उत्तर. तोंडाने ते आपोआप दिलं, हात मात्र मांडीवरच होता. उठायचं आणि स्विच पाडायचा, असं त्यांच्या मनात होतं. मनातलं मनातच राहिलं.

खड्ड्यात उतरणाऱ्याला तिथूनच लिफ्ट बंद पाडता यावी म्हणून एक स्विच असतो, तो त्या जुन्या लिफ्टचा केव्हाच मेला होता. कंपनीला दोनदा कळवूनही बदलला गेला नव्हता. खालचे उतरले. बाईबरोबर खाली आलेला कुत्रा सारखा आत नाक खुपसत होता, म्हणून त्यांनी दार आतून ओढून घेतलं. सगळी दारं बंद, म्हणजे लिफ्ट चालायला मोकळी, वर वीज चालू, आणि पहिल्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं.

ब्रेक सुटल्याचा कट्ट आवाज वरच्यांच्या कानाशी झाला. मोटर फिरू लागलेली त्यांना दिसली, आणि ती फिरायला नको आहे हे कळायला एक क्षण जास्त लागला. मग ते उठले नाहीत, अक्षरशः स्विचवर पडले. मोटर थांबली. खालून, पार खोलातून, खालच्यांची एक आरोळी आली आणि मग चिडीचूप.

लिफ्ट पहिल्या मजल्याच्या थोडी वर थांबली होती. तशीही ती पहिल्यालाच थांबणार होती. पण अंधारात डोक्यावर येणाऱ्या लिफ्टला, बाई गं, तू कुठवर येणार आहेस, असं विचारता येत नाही.

खालचे नऊ मजले चढून वर आले. आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून वरचे वाट बघत होते. पण खालचे दारात उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हात दाखव."

वरच्यांनी हात पुढे केला. खालच्यांनी त्यांची बोटं उजेडात धरली. नखं कागदासारखी पांढरी.

"केव्हापासून चाललंय हे?"

"काय?"

"वेड पांघरू नकोस. दर मजल्यावर कुलूपं बघतोस, मला काय दिसत नाही? मी गप्प बसलो, म्हटलं हा स्वतः सांगेल." त्यांचा आवाज अजून चढला नव्हता, आणि वरच्यांना त्याचीच भीती वाटली. "हे बघ. साहेबांना तू सांगणार असशील तर सांग, नाहीतर मी सांगतो. पण तुझ्या 'बंद'वर मी आता खाली उतरत नाही."

त्या संध्याकाळी वरच्यांनी बायकोला सगळं सांगितलं. खड्डा, स्विच, गुडघ्याच्या गोळ्या, सगळं. तिने ऐकून घेतलं, त्यांचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात रजा टाकली.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले, गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि ते सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"या पुन्हा घ्यायच्या नाहीत. दुखण्याच्या गोळ्या तुमच्या किडनीला विष आहेत. किडन्या आता वीस टक्क्यांच्या आसपास काम करतायत. आणि हिमोग्लोबिन आहे सात पॉइंट आठ. जिने कसे चढत होतात तुम्ही?"

"थांबत थांबत," वरचे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता डायलिसिस?"

"नाही. ती वेळ अजून आलेली नाही. पण रक्त कमी व्हायला डायलिसिसपर्यंत थांबावं लागत नाही, ते आधीच सुरू होतं."

"किडनीचा आणि रक्ताचा काय संबंध?" हे बायकोने विचारलं.

"रक्त तयार होतं हाडांच्या आत. पण 'तयार करा' हा हुकूम किडनीतून सुटतो. किडनी थकली की हुकूम निघेनासा होतो, मग कारखाना रिकामा बसून राहतो. त्यात ह्यांच्या अंगातला लोहाचा साठाही संपलाय. बर्फ खावासा वाटतो का हो?"

वरच्यांनी दचकून बायकोकडे बघितलं. "मी काही सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

"लोह कमी झालं की काहींना होतं तसं. आधी शिरेतून लोह देऊ. मग त्या हुकमाचं इंजेक्शन, पोटावर कातडीखाली घ्यायचं. पोटातून कुठे रक्त जात नाही ना, तेही तपासून घेऊ. एका दिवसात फरक पडणार नाही. दोन-तीन महिने धरून चला."

"त्यापेक्षा रक्ताच्या दोन बाटल्या चढवून टाका ना," वरचे म्हणाले. "मोकळं."

"अगदी जिवावर बेतलं तर चढवू. पण उद्या दुसऱ्याची किडनी बसवायची वेळ आली, तर? परक्याचं रक्त एकदा आत गेलं की शरीर त्याच्याशी वैर धरू शकतं, आणि मग जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. टाळता येतंय तोवर टाळायचं."

दुसऱ्याची किडनी, हे शब्द वरच्यांनी ऐकले आणि बाजूला ठेवून दिले. एका दिवसात माणसाने किती ऐकायचं.

ही बातमी ताईंना कळायला वेळ लागला नाही. ताई म्हणजे वरच्यांची थोरली बहीण. शिवणाचा क्लास चालवून दोन मुलं एकटीने वाढवलेली बाई. नवरा गेला तेव्हाही तिने आठवड्याने मशीन पुन्हा सुरू केलं होतं. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. त्रेपन्न वर्षांच्या भावाला अजून छोट्या म्हणायची.

"रक्त कमी म्हणजे काय, खाणं कमी!" तिने दारातूनच निकाल दिला. "छोट्या, तुझ्या अंगात रक्त कसं भरत नाही ते मी बघते."

वरचे रजेवर घरी, बायको दिवसभर दुकानात. ताईला रान मोकळं मिळालं. सकाळी बीटाचा रस, दुपारी पालक आणि टोमॅटोचं सूप, मध्ये मूठ-मूठ खजूर, वर डाळिंब. बायकोने निघताना काढून ठेवलेलं मोजकं जेवण तसंच राहायचं. बायको म्हणाली होती, बीट-पालक-टोमॅटो तुम्हाला चालत नाहीत, डॉक्टरांनी पोटॅशियम सांभाळायला सांगितलंय. वरच्यांच्या ते लक्षात होतं. पण ताई ग्लास घेऊन समोर उभी राहायची, कपाळावरचा घाम पुसत, आणि म्हणायची, "एवढं घे रे राजा." मग वरचे ग्लास तोंडाला लावायचे. संध्याकाळी बायकोने विचारलं की म्हणायचे, "भूक नव्हती."

मधल्या काळात लोहाचं पहिलं सलाईन झालं. वरच्यांना वाटलं आता उद्या धावत सुटू. दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करूनच दमले.

त्यानंतरच्या तपासणीचं रक्त सकाळी दिलं आणि दुपारीच डॉक्टरबाईंचा स्वतःचा फोन आला, बायकोच्या दुकानात. "ह्यांना लगेच घेऊन या. पोटॅशियम फार वाढलंय. काय खातायत ते?"

वरच्यांना भरती केलं. छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला, सलाईन लावलं, औषधं दिली. पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं, आणि ते पडताना आधी वर्दी देत नाही, हे परिचारिकेने बायकोला फारसे आढेवेढे न घेता सांगितलं. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला, धोका टळला.

ताई धापा टाकत आली ती हातात डबा घेऊनच. बायकोने झाकण उघडलं. आत बीट.

"ताई," ती म्हणाली, "हे बंद करा."

"अगं पण रक्त..."

"बीटामुळेच इथे आलेत ते. बीट, पालक, खजूर. ह्यांच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तासाठी त्यांना जे लागतं ते इंजेक्शनात आहे, ताटात नाही."

ताई खाटेच्या कडेला बसली. नवऱ्याच्या वेळीसुद्धा लोकांसमोर डोळ्यांत पाणी न आणलेली बाई, तिने पदर डोळ्यांना लावला. "म्हणजे मी माझ्या हाताने..."

"तुम्ही नाही." बायकोने वरच्यांकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांचा राग एकदाचा बाहेर आला. "ह्यांना माहीत होतं. मी सांगितलं होतं. ह्यांना नको म्हणता येत नाही ना! साहेबांना दमलो म्हणता येत नाही, तुम्हाला नको म्हणता येत नाही, मला खरं सांगता येत नाही. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून हे मरायला तयार. आम्ही मागे काय करायचं, ह्यांच्या चांगुलपणाची आरास मांडायची?"

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण पान उलटलं नाही.

वरचे छताकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. "चूक झाली," ते म्हणाले. ते फार तोकडं वाटलं, म्हणून पुढे म्हणाले, "ताई, मला बीट लहानपणापासून आवडत नाही."

ताईने डोळे पुसता पुसता डोकं वर केलं. "मग एवढे ग्लास..."

"घशाखाली ढकलले."

"मेल्या," ताई म्हणाली, आणि तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाही कळलं नाही. मग उठून हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंना शोधायला गेली. तासाभराने परतली ती सगळं पाठ करून. कोणती भाजी उकळून पाणी टाकून द्यायची, कोणतं फळ चालतं, कोणतं विषासारखं. पुढे घरात ताईइतकं कडक कुणी राहिलं नाही. चमचाभर टोमॅटोची चटणी जास्त झाली तरी बहिणीची नजर भावाच्या ताटात.

घरी आल्यावर पोटावरची इंजेक्शनं सुरू झाली. पहिली दोन परिचारिकेने दिली, मग वरच्यांना शिकवलं. लिफ्टच्या उघड्या तारांत बिनधास्त हात घालणारा हा माणूस सुई बघून पांढरा पडला, म्हणजे होता त्याहून पांढरा. "अहो, केसाएवढी बारीक आहे," बायको म्हणाली. "केस टोचत नाही," वरचे म्हणाले. शेवटी डोळे मिटून चिमटीत कातडी धरली आणि खुपसली. झालं सुद्धा. दर आठवड्याला एक. इंजेक्शन फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात. बर्फाजवळ ठेवायचं नाही, गोठलं तर फुकट जातं.

साहेबांना सांगणं सुईपेक्षा अवघड गेलं. वरचे तीनदा केबिनपर्यंत गेले आणि तीनदा पाण्याच्या पिंपावरून परत फिरले. चौथ्यांदा खालच्यांनी मागून ढकललं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये टेबलावरचा फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही.

"खड्ड्यात माणूस असताना मेन चालू होता?"

"हो."

"आणि तुम्ही स्वतः येऊन सांगताय."

"मी नसतं सांगितलं तर ह्याने सांगितलं असतं," वरचे दाराकडे बोट दाखवून म्हणाले. जे खरं ते खरं.

साहेबांनी त्यांना कामावरून काढलं नाही, पण इमारतींवरून उतरवलं. डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत जिने बंद. तोवर फोनवर बसायचं. लिफ्टमध्ये कोणी अडकून धोक्याचं बटण दाबलं की ज्या खोलीत फोन वाजतो, त्या खोलीत. त्या जुन्या इमारतीतला खड्ड्याचा स्विच मात्र त्याच आठवड्यात बदलला गेला.

पहिले काही दिवस वरच्यांना ती शिक्षाच वाटली. उभं आयुष्य लोकांच्या डोक्यावर काढलं, आणि आता कानाला यंत्र लावून खुर्चीत. पण हळूहळू त्यात गोडी लागली. अडकलेल्या माणसाला काय हवं असतं? कुणीतरी आहे, एवढं कळायला हवं असतं. वरच्यांना लिफ्टच्या पोटातला प्रत्येक आवाज माहीत. "आता वर खट्ट ऐकू येईल, घाबरू नका, तो ब्रेक आहे," असं ते सांगायचे आणि खरंच खट्ट व्हायचं. लोकांचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा एक गृहस्थ आतून रडकुंडीला येऊन ओरडत होते, "अहो, आइस्क्रीम वितळतंय! मुलीचा वाढदिवस आहे! वीस माणसांचं आहे!"

"हवा येतेय ना आत?"

"हवेचं काय घेऊन बसलात, आइस्क्रीम!"

"चमचा आहे का?"

पलीकडे पिशवीची खसफस. "आहे," गृहस्थ म्हणाले. "डब्यात दिलाय."

"मग सुरुवात करा. दहा-पंधरा मिनिटांत आमची माणसं येतायत. कुठलं आहे?"

"आंब्याचं."

खालचे पोचले तेव्हा ते गृहस्थ लिफ्टच्या फरशीवर मांडी घालून बसले होते आणि फोनवर वरच्यांना मुलीच्या शाळेबद्दल सांगत होते.

महिना-दीड महिन्याने बर्फाची इच्छा गेली. एका सकाळी बायकोने फ्रिज उघडला तर बर्फाचा ट्रे भरलेला, कुणी हात लावला नव्हता. तिने दार हळूच लावून टाकलं. मग पंख्याखाली बसवू लागलं. मग एका संध्याकाळी वरचे जेवणानंतर उठून भांडी घासायला लागले, आणि ती भिंतीला टेकून बघत राहिली. पण सगळं सरळ नव्हतं. मध्येच डोकं ठणकायला लागलं; रक्त वाढता वाढता रक्तदाबही चढला होता. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन कमी केलं, रक्तदाबाची एक गोळी वाढवली. पुढच्या वेळी हिमोग्लोबिन थोडं घसरलं आणि वरच्यांचा चेहरा पडला. त्याच्या पुढच्या वेळी दहा पॉइंट सहा.

"आता चौदा करून टाका," वरचे म्हणाले. "मोटरला पूर्ण ताकद द्यावी."

"नाही. तुमच्यासाठी दहा-अकरा हीच योग्य जागा. इंजेक्शनं देऊन देऊन त्याहून वर ओढलं तर रक्ताची गाठ होऊ शकते, मेंदूला झटका येऊ शकतो. चौदा करून मी तुम्हाला आजारी पाडायचं का?"

"म्हणजे पहिल्यासारखा नाही होणार."

"पहिल्यासारखे नाही. पण पहिल्यांदा आलात त्या दिवसापेक्षा बरे आहात ना?"

वरच्यांनी विचार केला. त्या दिवसापेक्षा बरे होतेच. "आहे," ते म्हणाले. ही गोष्ट पचायला त्यांना बरेच दिवस लागले. बरं होणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं, आणि आपल्या वाट्याला दुसरं आलंय.

जिन्याची परवानगी मिळाली, पण मापात. तीन-चार मजले, आरामात, पेटी दुसऱ्याने घ्यायची. मग खालच्यांनीच तोडगा काढला. "मी वर जातो, तू खाली थांब." कंपनीत दोन आठवडे नुसता गोंधळ. वरचे कुठायत? खाली. खालचे? वर. वर गेल्यावर खालच्यांनाही धाप लागायची, आणि फोनवरून ती वरच्यांना ऐकू यायची. "बस जरा," वरचे सांगायचे. "कुलूपं बघ." तिकडून शिवी यायची. आठवड्यातले तीन दिवस असे बाहेर, बाकीचे फोनवर.

साल उलटलं. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास घुटमळत राहिलं. किडन्या मात्र आणखी थोड्या उतरल्या, हळूहळू, गुडघ्याच्या गोळ्या घेत होते तेव्हासारख्या भराभर नाही. या वेळी डॉक्टरबाईंनी पुढचं बोलून घेतलं. डावा हात जपा, त्या हातातून रक्त काढू देऊ नका, त्यातली शीर पुढे डायलिसिसला लागेल. कधी लागेल? एखादं वर्ष, कदाचित दोन. सांगता येत नाही. घरातलं कुणी किडनी द्यायला तयार असेल तर आतापासून तपासण्या सुरू करता येतील.

हॉस्पिटलच्या उपाहारगृहात तिघं बसली. ताई मुद्दाम आली होती.

"माझी घ्यायची," ताई म्हणाली. "आम्ही एका आईची लेकरं. जुळणारच."

"ताई, तुमचं वय बघा. रक्तदाबाची गोळी तुम्हीपण घेता. माझी घ्यायची."

"तुझा काय संबंध? तू परक्या घरची."

"एवढी वर्षं ह्यांच्यासाठी राबले तेव्हा परकी नव्हते वाटतं?"

आवाज चढले. वरचे अर्धा कप चहा पुढ्यात घेऊन बसले होते. दिवसाचं पाणी मोजून घ्यायची वेळ अजून आली नव्हती, पण सवय असावी म्हणून. "हळू बोला," ते म्हणाले. "लोक ऐकतायत."

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ एकटेच बसले होते. डाव्या दंडाखाली जाड पट्टी. "भांडू द्या हो," ते म्हणाले. "माझ्या वेळी दोन्ही भावांना अचानक बाहेरगावी कामं निघाली होती."

वरच्यांनी मधली खुर्ची मोकळी केली.

"या ना, इकडे बसा. डायलिसिसवर आहात?"

"चार वर्षं झाली." गृहस्थ आपला कप घेऊन आले.

वरच्यांनी थोडा वेळ त्यांच्या दंडाकडे पाहिलं. मागच्या वर्षी हा प्रश्न त्यांनी मनातच ठेवला असता, किंवा ठेवलाय हेही स्वतःला कळू दिलं नसतं.

"सुई दुखते का?"

"सवय होते असं सगळे सांगतात," गृहस्थ म्हणाले. "ते खोटं. दुखते. पण तेवढ्यापुरती. मग चार तास पडून राहायचं. मी झोपतो. काही जण पत्ते खेळतात." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुम्हाला पत्ते येतात?"

"येतात थोडे," वरचे म्हणाले, आणि खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. "बाकी सगळं नीट सांगा. अगदी पहिल्या दिवसापासून."